मतदान राज्याचे, नियम पक्षाचे: अमेरिकेतील प्रायमरीविषयी

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. २०१६ साली साउथ कॅरोलिनातील रिपब्लिकन पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या प्राथमिक मतदानात, डोनाल्ड ट्रम्प यांना साडेबत्तीस टक्के मते मिळाली असताना पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनात उमेदवार निवडणारे त्या राज्याचे सर्वच्या सर्व ५० प्रतिनिधी त्यांच्या पदरात कसे पडले? आणि २०२४ साली कमला हॅरिस प्रायमरी न लढवताच डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार कशा झाल्या? हे दोन्ही प्रश्न एकाच मुळाशी जातात. प्रायमरीचे मतदान बहुतेक राज्यांत सरकारी यंत्रणा सरकारी खर्चाने घेते, परंतु त्या मतांचे प्रतिनिधींत रूपांतर कसे करायचे आणि उमेदवार अखेरीस कसा ठरवायचा, हे मुख्यतः पक्ष ठरवतो.

अमेरिकेच्या मूळ राज्यघटनेत प्रायमरीचा उल्लेख नाही, किंबहुना राजकीय पक्षांचाही नाही. विसाव्या शतकाच्या आरंभापासून काही राज्यांत प्रायमरी होत असत, तरी खरी निवड राष्ट्रीय अधिवेशनात पक्षातील वजनदार मंडळीच करत. १९६८ साली व्हिएतनाम युद्धावरून डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगलेला असताना, एकाही प्रायमरीत न उतरलेल्या ह्युबर्ट हम्फ्री यांना शिकागोच्या अधिवेशनाने उमेदवारी दिली आणि पक्षात असंतोषाचा भडका उडाला. त्यानंतर नेमलेल्या आयोगाने प्रतिनिधींची निवड सामान्य मतदारांपुढे उघड्या पद्धतीने व्हावी असे नियम केले, आणि ते पाळण्याचा सोपा मार्ग म्हणून अनेक राज्यांनी प्रायमरीचे कायदेच केले. कायदा राज्याचा असल्यामुळे रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने गेला. आयोगाचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न हेच १९७२ साली या नव्या नियमांनुसार उमेदवार झाले. मुख्य निवडणुकीत मात्र ते ५० पैकी ४९ राज्यांत हरले.

आपल्याकडे एबी फॉर्म कोणाच्या हाती पडतो यावर सारे अवलंबून असल्यामुळे, पक्षाचे सदस्य नसलेले लोक पक्षाचा उमेदवार निवडतात ही कल्पना विचित्र वाटणे स्वाभाविक आहे. तेथे अनेक राज्यांत मतदार नोंदणीच्या अर्जावरच पक्षाची खूण करायची असते. त्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही, की पक्षाची संमतीही लागत नाही. फ्लोरिडा किंवा पेनसिल्व्हेनियात अशी नोंद असलेल्यांनाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येते. टेक्सासमध्ये तर पक्षनिहाय नोंदणीच नाही, त्यामुळे कोणत्या पक्षाची मतपत्रिका घ्यायची हे मतदार त्या वेळी ठरवतो. २०१६ साली पक्षातील बहुतेक ज्येष्ठ नेत्यांना ट्रम्प नको होते, तरी त्यांचे तिकीट कापण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता. पक्ष म्हणजे खाजगी संस्था, हा युक्तिवाद एकेकाळी फार घातक ठरला होता. टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्ष त्याच आधारावर कृष्णवर्णीयांना प्रायमरीबाहेर ठेवत असे, आणि १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा घटनाबाह्य ठरवली.

आता साउथ कॅरोलिनाचे गणित पाहू. तेथील रिपब्लिकन नियमांनुसार राज्यात पहिल्या येणाऱ्याला २९ प्रतिनिधी मिळत आणि काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, सात मतदारसंघांपैकी प्रत्येकात पहिल्या येणाऱ्याला तीन. विरोधी मते मार्को रुबिओ, टेड क्रूझ आणि इतरांत विभागली गेली, ट्रम्प राज्यात आणि सातही मतदारसंघांत पहिले आले, आणि २९ अधिक २१ असे पन्नास झाले. डेमोक्रॅटिक पक्षात असे घडू शकत नाही, कारण तेथे किमान १५ टक्के मते मिळवणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणात वाटा मिळतो. त्या पद्धतीचेही चमत्कार आहेत. २००८ साली एकाच दिवशी हिलरी क्लिंटन यांनी अकरा लाखांहून अधिक मतदान झालेले न्यू जर्सी जिंकून ओबामांवर ११ प्रतिनिधींची आघाडी मिळवली, तर सुमारे एकवीस हजार लोकांनी भाग घेतलेल्या आयडाहोच्या कॉकसमध्ये (प्रायमरीऐवजी पक्षाने घेतलेल्या मतदार-सभांमध्ये) एकतर्फी विजय मिळवून ओबामांनी १२ प्रतिनिधींची आघाडी घेतली. ज्या उमेदवाराचा चमू हे नियम बारकाईने वाचतो, त्याचे निम्मे काम तेथेच होते असे माझे मत आहे.

वेळापत्रकाबद्दल थोडक्यात एवढेच, की आपली प्रायमरी सर्वांच्या आधी व्हावी असा न्यू हॅम्पशायरचा कायदाच आहे. २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने पहिला मान साउथ कॅरोलिनाला दिला, तरी न्यू हॅम्पशायरने २३ जानेवारीलाच मतदान घेतले. तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते, आणि समर्थकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवले. याउलट न्यू जर्सीत, जेथे मराठी मंडळी मोठ्या संख्येने राहतात, प्रायमरी सहसा जूनमध्ये होते आणि तोवर बहुधा सगळा निकाल लागलेला असतो.

हॅरिस यांच्या बाबतीत लक्षात घ्यायचे ते असे, की प्रायमरीतून निवडले जातात ते प्रतिनिधी आणि उमेदवारीचे शिक्कामोर्तब तेच करतात. बायडेन यांनी प्रायमरी जिंकल्या होत्या आणि जवळजवळ सर्व प्रतिनिधी त्यांचेच होते. २१ जुलै २०२४ रोजी त्यांनी माघार घेताच हे प्रतिनिधी मोकळे झाले. नव्या इच्छुकाला किमान ३०० प्रतिनिधींच्या सह्या आणणे आवश्यक होते, त्या फक्त हॅरिस यांनी आणल्या, आणि ऑगस्टच्या आरंभी ऑनलाइन मतदानाने त्यांची उमेदवारी ठरली. ही पद्धत लोकशाहीला धरून होती का, यावर मतभेद असू शकतात. पक्षाच्या नियमांत मात्र ती बसत होती. माघार अधिवेशनानंतर झाली असती, तर प्रतिनिधींनाही विचारावे लागले नसते. १९७२ साली मॅकगव्हर्न यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस ईगलटन अधिवेशनानंतर बाजूला झाले, तेव्हा पक्षाच्या राष्ट्रीय समितीनेच बैठक घेऊन सार्जंट श्रायव्हर यांची निवड केली होती.