दोन्ही पाय अचानक गार पडले तर

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. ठोके अनियमित असल्याने रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू होती. दात काढण्यासाठी ती बंद केली आणि पुन्हा सुरू करायची राहून गेली. एका पहाटे दोन्ही पाय भयंकर दुखून बधिर झाले, उभं राहवेना. आम्हाला लकवा वाटला. हॉस्पिटलात मणक्याचा एमआरआय ठरला होता, तेवढ्यात एका डॉक्टरांनी जांघ चाचपून ‘नाडी लागत नाही’ म्हटलं. त्याच दिवशी गुठळी काढली. हे घरी ओळखता येतं का? आणि गुठळी निघाल्यावर पोटऱ्यांना चिरे कशासाठी दिले?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : ओळखता येतं, आणि तेही हाताच्या बोटांनी. महारोहिणीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीला, साधारण बेंबीच्या पातळीवर दोन फाटे फुटतात, प्रत्येक पायाला एक. हृदयात धरलेली गुठळी सुटून नेमकी या दुभाजकावर बसली, की दोन्ही पायांचं रक्त एकदम बंद होतं. रक्त तुटल्याचा फटका आधी मज्जातंतूंना बसतो. म्हणून मुंग्या, बधिरपणा, मग पाय न हलणं. आणि म्हणूनच सगळ्यांचं लक्ष मणक्याकडे जातं. पण लकव्यात बहुधा शरीराची एक बाजू जाते, आणि मणक्याच्या दुखण्यात जांघेतली नाडी शाबूत असते.

ती नाडी अशी पाहा. माणसाला उताणं झोपवा. कमरेच्या हाडाचं पुढचं टोक आणि जननेंद्रियावरचं हाड यांच्या मध्यावर, जांघेच्या घडीत, दोन बोटं हलकेच दाबून धरा. अंगठा वापरू नका, स्वतःचीच नाडी लागते. दोन्हीकडे ठोका नाही, पाय गार, तळवे पांढरे किंवा निळसर जाळीदार, पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडल्यावर रंग परतत नाही, एवढं दिसलं की थांबायचं नाही. पावलावरची नाडी मात्र फसवते. मधुमेह्यांत ती बरेचदा आधीपासूनच लागत नसते.

प्रत्येक वेळी गुठळी हृदयातूनच येते असं नाही. वर्षानुवर्षं तंबाखू ओढणाऱ्यांची रोहिणी आधीच अरुंद झालेली असते आणि एक दिवस जागीच गोठते. दादरचा पूल चढताना पोटऱ्या किंवा कुल्ले भरून येऊन थांबावं लागत होतं का, हे डॉक्टरांना जरूर सांगा, उपचार बदलतो. छाती-पाठीत फाटल्यासारखी कळ येऊन मग पाय गेले असतील तर तेही सांगा. तेव्हा महारोहिणीचा आतला थर चिरलेला असू शकतो आणि हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं इंजेक्शन, घातक ठरतं.

हाताशी साधारण सहा तास असतात. पाय हलत नसतील तर तेवढेही नाहीत. १०८ लावा. शेक, तेल-मालिश, पाय उशीवर उचलणं यातलं काही नको. बधिर कातडी शेकाने भाजते, आणि पाय वर केला की उरलंसुरलं रक्तही कमी पोचतं. खायला-प्यायला देऊ नका. निघतानाच फोनवर विचारा : सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) आत्ता होईल का, व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांचे) सर्जन येतील का? दोन्हींना ‘हो’ म्हणणारं हॉस्पिटल जरा लांब असलं तरी तेच गाठा. नाही तर पुढे दुसरीकडे हलवण्यातच वेळ जातो.

आतला थर चिरलेला नाही याची खात्री झाली की हेपॅरिन शिरेतून देतात, सहसा किलोमागे ६० ते ८० युनिट. मग दोन्ही जांघांत छेद घेऊन फुग्याची बारीक नळी, फोगार्टी कॅथेटर, गुठळीपलीकडे सरकवतात, फुगा फुगवतात आणि गुठळी ओढून काढतात. जागीच गोठलेल्या रोहिणीत एवढ्याने भागत नाही. कधी काखेजवळून जांघांपर्यंत कृत्रिम नळी जोडावी लागते.

आता चिऱ्यांचं. उपाशी स्नायूंत रक्त परतलं की ते सुजतात. पोटरीत स्नायूंचे चार कप्पे असतात, त्यांचं आवरण ताणत नाही. आतला दाब वाढून चालू झालेलं रक्त पुन्हा अडतं. ते टाळायला आवरण उघडतात. जखम नंतर शिवतात किंवा कातडी लावतात. त्याच वेळी मेलेल्या स्नायूंतून पोटॅशियम आणि मायोग्लोबिन हे स्नायूंतलं प्रथिन रक्तात उतरतं. पहिल्याने हृदय बंद पडू शकतं, दुसऱ्याने लघवी कोकमासारखी होऊन मूत्रपिंड बसतं. आयसीयूत तासातासाला लघवी मोजतात ती यासाठी, आणि काहींना थोडे दिवस डायलिसिस लागतं.

वडिलांची गोळी आता कोणत्याही दंतवैद्याच्या सांगण्यावरून परस्पर बंद करू नका. साधा दात बरेचदा ती चालू ठेवूनही काढता येतो. थांबवावीच लागली, तर पुन्हा सुरू करायची तारीख हृदयाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळी वॉरफेरिनची असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, साधारण २ ते ३ मध्ये हवा.