आतेभावाला ‘तामा’ का म्हणतात?

प्रिय,

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. पापुआ न्यू गिनीतल्या ट्रोब्रिअंड बेटांवर बाप ‘तामा’ आणि आतेभाऊही ‘तामा’, म्हणून तिथले लोक आतेभावाला बाप मानतात, असं तू लिहून मोकळं झालायस. ‘मानतात’ खोड, ‘म्हणतात’ लिही. मानतात की नाही, यावरच तर सगळा वाद आहे.

त्या बेटांवर राहून अभ्यास केलेल्या मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीचं म्हणणं असं, की नात्याच्या शब्दाचा मूळ अर्थ घरातला, आईबापांपुरता. मग तो हळूहळू बाहेरच्यांना लागू होतो. दुसरा मानववंशशास्त्रज्ञ, एडमंड लीच, याने 1958 साली हे उलटं केलं. समाज मातृवंशीय, म्हणजे कूळ आईकडून चालणारा, असला तरी मूल वाढतं बापाच्या वस्तीत. त्या वस्तीत राहणारे बापाच्या कुळीचे पुरुष, ते सगळे ‘तामा’. शब्द माणसांचा गट सांगतो, रक्ताचं अंतर नाही.

1965 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ लाउन्सबरीने लीचला उत्तर दिलं, आणि ते तू कागद-पेन्सिल घेऊन स्वतः करून बघ. नियम एवढाच: पुरुषाची बहीण त्याच्या आईच्या जागी धरायची. मग आत्या ही बापाची आई झाली, म्हणून तिला आजीचाच शब्द, ‘ताबू’. आत्याचा मुलगा हा बापाचा भाऊ ठरला. चुलत्याला तर ‘तामा’च म्हणतात. आतेबहीण बापाची बहीण ठरली, म्हणून पुन्हा ‘ताबू’. हिशोब चोख बसतो.

मला विचारशील तर शब्द कोणाकोणाला लागतो हे लाउन्सबरी छान सांगतो. का लागतो, हे नाही. आपल्याकडेही सासऱ्याला ‘मामंजी’ म्हणणारी प्रत्येक सून मामाच्याच घरी दिलेली नसते. (मानववंशशास्त्रज्ञ श्नायडरचं 1984 चं पुस्तक शेवटी वाच. नातं म्हणजे वंशावळ, हाच मुळात पाश्चात्त्यांचा पूर्वग्रह, असं तो म्हणतो. ते आधी वाचलंस तर हातून एक ओळ लिहून होणार नाही.)

क्षेत्रकार्याला जाशील तेव्हा वंशावळीची पद्धत घालून देणाऱ्या रिव्हर्ससारखी आधी नावानिशी वंशावळ लिहून घे, मग प्रत्येकाला काय म्हणतात ते विचार. समोर मारायची हाक आणि पाठीमागे सांगायचं नातं वेगळ्या रकान्यांत ठेव. आणि वारसा विचारायला विसरू नकोस. मातृवंशात बापाच्या मागे त्याचा मुलगा येत नाही, भाचा येतो. म्हणजे मुलाच्या बाजूने पाहिलं तर बापाची जागा घेणारा तो आतेभाऊच. तुझ्या आराखड्यात याचा उल्लेखही नाही.