ऑगस्टअखेर अलास्का क्रूझ, आणि आईला बोट लागते. बुकिंग ठेवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-बाबा पुण्याहून येणार आहेत, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सिएटलहून सुटणारी सात रात्रींची अलास्का क्रूझ ठरवली आहे, पण आईला गेटवे-मांडवा लाँचमध्येसुद्धा बोट लागली होती. समुद्र खवळलेला असेल या धास्तीने आता रद्दच करावी का?

रद्द करू नका. पण तारखेची काळजी करण्याआधी मार्ग तपासा. सिएटलऐवजी व्हँकुव्हरहून सुटून व्हँकुव्हरलाच परतणारी बोट मिळाली, तर तुमची निम्म्याहून जास्त काळजी तिथेच मिटते. मी व्हँकुव्हरजवळ राहते. आमच्या ओळखीत दर उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आई-वडील या सफरीला जातात, माझे सासू-सासरेही जाऊन आले. परतल्यावर ज्यांनी त्रास झाल्याचं सांगितलं, ते बहुतेक सिएटलवाले होते. कारण भूगोलात आहे.

नकाशा उघडा. व्हँकुव्हर बेट सुमारे साडेचारशे किलोमीटर लांब आहे. व्हँकुव्हरहून निघालेली बोट हे बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधल्या अरुंद पाण्यातून वर जाते. पॅसिफिकची लाट तिथे पोचतच नाही. या वाटेवर सेमूर नॅरोज नावाची चिंचोळी जागा आहे. भरती-ओहोटीचा प्रवाह तिथे 15 नॉटपर्यंत (ताशी सुमारे 28 किलोमीटर) जातो, म्हणून बोटी पाणी संथ होण्याची वेळ साधून तिथून पार होतात. एके काळी तिथल्या पाण्याखालच्या खडकावर कित्येक जहाजं फुटली होती. 5 एप्रिल 1958 रोजी तो खडक सुरुंग लावून उडवला. आईंनी इंटरनेटवर हे वाचलं तर घाबरतील, म्हणून आधीच सांगते: बोट तिथून बहुधा रात्री जाते आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

बेट संपल्यावर क्वीन शार्लट साउंडमध्ये काही तास उघडा समुद्र लागतो. पुढे हेकेट सामुद्रधुनी आणि डिक्सन एन्ट्रन्समध्येही वारा असेल तर बोट हलते. म्हणजे हा मार्ग पूर्ण आडोशाचा नाही. पण एकदा अलास्काच्या द्वीपसमूहात शिरलं की केचिकन, ज्युनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे हा सगळा भाग डोंगरांच्या कुशीतला आहे.

सिएटलची बोट मात्र संध्याकाळी हुआन दे फुका सामुद्रधुनीतून बाहेर पडते आणि बेटाच्या पश्चिमेकडून, म्हणजे उघड्या पॅसिफिकमधून वर जाते. दुसरा अख्खा दिवस त्यातच जातो आणि परतताना पुन्हा तेच. बोट लागणाऱ्या माणसासाठी हा दुसरा दिवस सर्वात वाईट, कारण शरीर अजून सरावलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात या किनाऱ्याबाहेर हवेच्या उच्च दाबाचं क्षेत्र ठाण मांडून असतं. त्यामुळे मोठी वादळं दूर राहतात, पण किनाऱ्याला समांतर वायव्येचा जोरदार वारा सुटतो. आकाश स्वच्छ, ऊन लख्ख, आणि तरी बोट हलते आहे, असं होतं ते यामुळे. वर जाणारी बोट या वाऱ्याला तोंड देत जाते, म्हणून जाताना जास्त हलते आणि येताना कमी. ऑगस्टअखेरीस हे उच्च दाबाचं क्षेत्र मागे सरू लागतं आणि अलास्काच्या आखातातून कमी दाबाचे पट्टे यायला लागतात. तुमच्या तारखा हलवता येत असतील तर जून-जुलै बघा. नसतील तर सप्टेंबरकडे मात्र सरकू नका. व्हँकुव्हरहून निघून अलास्कातल्या सुअर्ड किंवा व्हिटियरला संपणाऱ्या एकतर्फी सफरी दिसायला आकर्षक असतात, पण त्यात शेवटी तेच आखात ओलांडावं लागतं. आईंसाठी त्या नकोत.

मोठ्या जहाजांना पोटाशी स्टॅबिलायझर म्हणजे पंख असतात, म्हणून काही होत नाही, असं एजंट सांगतात. अर्धंच खरं आहे. ते पंख डावी-उजवीकडचं डोलणं कमी करतात. समोरून लाट आली की नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, वर जाते आणि खाली आपटते, त्यावर त्यांचा फारसा इलाज नाही. आणि वायव्येच्या वाऱ्यात वर जाताना नेमकं हेच होतं. म्हणून केबिन लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या. वरच्या मजल्यावरची नाळेजवळची बाल्कनी महाग असते आणि हालते सर्वात जास्त. पैसे वाचवून खिडकीची मधली खोली घेतलीत तर क्षितिज दिसतं. डोळे आणि कानातला तोल यांची फारकत झाली की मळमळ सुरू होते, त्यामुळे क्षितिज दिसणं फार उपयोगी पडतं.

मांडव्याच्या लाँचवरून आईंची परीक्षा करू नका. ती छोटी लाँच प्रत्येक लाटेसरशी वर-खाली होते, शिवाय डिझेलचा वास असतो. लाख टनांचं जहाज तशा लाटांना दाद देत नाही. त्याला हलवायला लांब, मोठी लाट लागते. हवामानखात्याचा अंदाज बघताना म्हणूनच लाटेची उंची आणि दोन लाटांमधले सेकंद असे दोन्ही आकडे बघा. दोन मीटरची लाट बारा सेकंदांनी येत असेल तर जहाज संथ झुलतं. छोटी बोट हैराण होते ती सहा सेकंदांनी येणाऱ्या लाटेत. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या तरंगत्या बोयांचे जुने आकडेही त्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. गेल्या काही वर्षांतला ऑगस्टअखेर स्वतः बघा. मनातल्या धास्तीपेक्षा ते आकडे बरे.

औषधाबद्दल माझी खरी कळकळ आहे. आपल्याकडची मंडळी बॅगेत ॲव्होमीन टाकून आणतात आणि उलटी सुरू झाल्यावर घेतात. तोवर उशीर झालेला असतो. गोळी आधी घ्यायची असते. दुसरं म्हणजे ॲव्होमीन काय, अमेरिकेत दुकानात सहज मिळणारं मेक्लिझिन काय, दोन्हींनी झोप येते. सत्तरीच्या आसपासच्या माणसाचा तोल जाऊ शकतो, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर अडचण होते. कानामागे लावायची स्कोपोलामिनची पट्टी तर वयस्कांना गोंधळल्यासारखं करू शकते. निघण्यापूर्वी पुण्याच्या डॉक्टरांना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवून विचारा, आणि त्यांनी संमती दिलेली गोळी घरी असतानाच एकदा घेऊन बघा. बोट हलली की रिकाम्या पोटी राहू नये. कोरडी पोळी, बिस्कीट, आलेपाक असं थोडं थोडं खात राहावं आणि मोबाईल, पुस्तक बाजूला ठेवावं.

व्हिसाचंही आजच बघा. अमेरिकेच्या 1886 च्या एका कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजांना मध्ये एका परदेशी बंदराला लागावंच लागतं, म्हणून सिएटलच्या बोटीही सहसा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. म्हणजे भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा दोन्ही मार्गांना लागणारच आहे. त्या कारणाने व्हँकुव्हर टाळत असाल तर टाळू नका. बहुतेक कंपन्या पूर्ण रक्कम सफरीच्या साधारण तीन महिने आधी मागतात. बदल करायचा तो त्याआधी, आणि डिपॉझिट परत मिळणारं आहे का हे विचारून.

आईंना "काही होत नाही हो" असं सांगू नका. त्यांना नकाशा दाखवा. कुठले काही तास उघड्या समुद्राचे आहेत आणि कुठले दिवस डोंगरांच्या आड, ते रंगीत पेन्सिलीने दाखवून द्या. माझ्या सासूबाईंनी तो कागद पर्समध्ये ठेवला होता आणि गोळीची वेळही त्यावरूनच ठरवली होती.