वही मिट आणि ऊठ

समुपदेशनाला येणाऱ्या त्या बाईंबद्दलची तुझी वही दोनदा वाचली. ‘त्या बाईंशी बोलून उठले की दिवसभर चीड येते, ती माझी की त्यांची हेच कळत नाही,’ असं लिहिलंयस. पुढे अठरा पानं कारणमीमांसा. त्यात पाठ नाही, जबडा नाही, पोट तर सोडाच. अगं, ती चीड अंगात कुठे बसलीय?

आधी ऊठ. मग लिही.

मेरी व्हाइटहाउस या नृत्यशिक्षिकेने 1950 च्या दशकात अमेरिकेत एक रीत सुरू केली, पुढे त्यांच्या शिष्यांनी तिला आजचं रूप दिलं. एकजण डोळे मिटून हलतो, दुसरा साक्षी म्हणून बसतो. ठरवून काही करायचं नाही. खांदा वर गेला तर जाऊ द्यायचा, हलावंसं वाटलं नाही तर नुसतं उभं राहायचं. मग हलणाऱ्याने आधी बोलायचं, वर्तमानकाळात: ‘माझी मूठ वळतेय.’ साक्षीने बघताना स्वतःला काय झालं तेवढंच सांगायचं, अर्थ लावायचा नाही. आपल्या धंद्यातल्यांना हेच जमत नाही.

‘मला नाचता येत नाही’ हे कारण नको. शिमग्यात पालखी खांद्यावर आली की गावातला मुखदुर्बळ माणूसही कसा डोलतो! तिथे कोण पावलं मोजतं?

मी वीस वर्षं खुर्ची सोडली नाही. एक कोळीण यायची, नवरा होडीसकट गेलेला. चारदा आली, पाचव्यांदा नाही. नोंदीत ‘प्रतिकार’, म्हणजे तीच उपचार टाळतेय, असं लिहून मी मोकळी झाले. पुढे एका शिबिरात डोळे मिटून उभी असताना माझे हात आपसूक छातीवर आवळले, बोटं काखेत. तिच्यासमोर मी अशीच बसायचे. ती रडायला लागली की आणखी घट्ट. आम्हाला तेव्हा हे कुणी शिकवलं नव्हतं, सुपरव्हिजन, म्हणजे वरिष्ठांची देखरेख, फायलीवरच्या सहीपुरती. पण खांदे तेव्हाही दुखायचे. मी आयोडेक्स चोळायचे.

म्हणून हट्ट धरतेय. ऊठ आधी. मात्र एकटीने ताणू नकोस. जुनं काही उसळलं तर डोळे उघड, भिंतीला पाठ टेक. आणि चीड त्या बाईंची वाटली तरी त्यांना जाऊन सांगायची नाही. तो तुझा अंदाज आहे.

रविवारी सकाळी ये. खळं सारवून ठेवते, अनवाणी उभी राहा. मी पडवीच्या पायरीवर बसेन, बोलणार नाही. वही घरीच ठेव.