क्लिअरन्सच्या फॉर्मआधी कर्जाचं बघ

घाबरू नकोस. अमेरिकेत केवळ कर्ज आहे म्हणून सहसा सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायची परवानगी, नाकारत नाहीत. कर्जाकडे पाठ फिरवणं महागात पडतं, आणि लपवणं तर त्याहून. नोकरी गेली, आजारपण आलं, घटस्फोट झाला, तर 'गाइडलाइन एफ'मध्ये, म्हणजे क्लिअरन्ससाठी पैशांचे व्यवहार तपासायच्या नियमांत, त्याला सवलत आहे. फक्त त्यानंतर तू काय केलंस ते बघतात.

- आधी स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट काढ. फुकट मिळतो.
- एसएफ-८६ च्या (हाच क्लिअरन्सचा फॉर्म) कलम २६ मध्ये गेल्या ७ वर्षांतली दिवाळखोरी, १२० दिवसांवर थकलेली देणी, सगळं लिही. नंतर फेडलेलंसुद्धा!
- राहिलेले टॅक्स रिटर्न भरून टाक. हप्ते बांधून मिळतात, पावत्या जप.

आणि पुण्यात आईबरोबर जॉइंट खातं असेल तर ते त्याच फॉर्मच्या कलम २० मध्ये लिही, तिथे परदेशातली खाती विचारतात. आपली मंडळी नेमकं तेच विसरतात.