मान किती वेळा वळते, ते मोजा

पत्र थोडक्यात असं: "आम्ही मूळचे चिपळूणचे, गेली अठरा वर्षं कॅनडात, टोरोंटोजवळच्या मिसिसागात. मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत आहे. सात वर्षांचा असल्यापासून आइस हॉकी खेळतो, सध्या ट्रिपल-ए मध्ये (वयोगटातली सगळ्यात वरची पातळी) डिफेन्समन, म्हणजे बचावपटू. उंची पाच फूट नऊ इंच, राइट शॉट (उजव्या बाजूने फटका मारणारा). यंदा ओएचएलच्या (ऑन्टारिओची ज्युनिअर हॉकी लीग) निवडीचं वर्ष. कोच म्हणतात, याचे गोल होत नाहीत, फॉरवर्डला टाकून बघू. एक फॅमिली अॅडव्हायजर म्हणतात, शाळा सोडवून हॉकी अकादमीत घाला, वर्षाला चाळीस हजार डॉलर, नाहीतर उशीर होईल. त्याच्या बरोबरीची दोन-तीन मुलं एका उन्हाळ्यात त्याच्यापेक्षा वीतभर उंच झाली. ह्यांचं म्हणणं, हे सगळं बंद करा आणि गणिताकडे बघा. मुलाला डिफेन्सच आवडतो. एनएचएलमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, कायमची जागा मिळायची शक्यता कितपत? उशीर झालाय का?"

ताई,

उशीर झालेला नाही. घाई झाली आहे ती अॅडव्हायजरना, आणि ती का, ते पुढे लिहिते.

आधी शक्यतेचं सांगून टाकते. एनएचएलमध्ये ३२ टीम. एका सामन्यात प्रत्येक टीमचे सहा डिफेन्समन उतरतात, तीन जोड्या. म्हणजे सगळ्या जगाला मिळून १९२ जागा. कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, रशिया, चेकिया, सगळ्यांची पोरं त्याच रांगेत. दरवर्षी ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, सात फेऱ्यांत २२४ जण निवडले जातात, पण त्या मानाने जुने खेळाडू काही दरवर्षी घरी जात नाहीत. तेव्हा शक्यता फार कमी, आणि ती कुणाच्याही मुलाची कमीच असते. तुमच्या मुलाचा टक्का सांगणारा कुणी भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता डिफेन्समनचं. मी हा खेळ पालकांशेजारी रिंकच्या थंड बाकड्यांवर बसून शिकले (स्केट्स घातले ते चाळिशीनंतर, आणि पहिल्याच दिवशी मनगट मोडून घेतलं), पण एक गोष्ट लवकर लक्षात आली. फॉरवर्ड चुकला तर त्याच्यामागे दोघं-तिघं निस्तरायला असतात. डिफेन्समन चुकला की मागे फक्त गोली, म्हणजे गोलकीपर. शिवाय त्याचं निम्मं काम उलटं स्केटिंग करत, अंगावर येणाऱ्या माणसाकडे तोंड करून चालतं. दोघांमध्ये अंतर किती ठेवायचं, ज्याला ते 'गॅप' म्हणतात, ते फळ्यावर शिकवता येत नाही. जास्त सोडलं तर समोरचा आरामात ब्लू लाइन (आपल्या बचावक्षेत्राची रेघ) ओलांडतो, कमी ठेवलं तर बगलेतून निघून जातो. पंधरा वर्षांची बहुतेक मुलं भीतीने मागे मागे सरकत राहतात. ती भीती शेकडो वेळा फसल्यावरच जाते. डिफेन्समन कळायला एनएचएलचे दोन-तीनशे सामने लागतात, असं हॉकीवाले सर्रास बोलतात. म्हणजे वरच्या पायरीवर पोचल्यानंतरची आणखी तीन-चार वर्षं!

तुम्हाला घरबसल्या पारखता येईल अशी एक गोष्ट सांगते. समोरच्या टीमने पक (खेळातली रबरी चकती) मागच्या कोपऱ्यात ढकलला की तुमचा मुलगा पाठ करून तो आणायला धावतो. पाठीवर कुणीतरी आदळायला येत असतं. पकपर्यंत पोचायच्या आधी तो मान वळवून मागे किती वेळा बघतो, ते मोजा. एकदाही नाही बघितलं तर तो पक हातात आल्यावर विचार करतो, आणि तोवर काचेवर चिकटलेला असतो. दोनदा बघितलं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, तर पास कुठे द्यायचा ते त्याने आधीच ठरवलेलं असतं. परवा एका रिंकमध्ये मी एक लहानखुरा मुलगा पाहिला. सबंध सामन्यात गोल नाही, असिस्ट नाही. पण कोपऱ्यातून आणलेला जवळजवळ प्रत्येक पक त्याने आपल्या माणसाच्या काठीवर नेऊन ठेवला. शेजारचे आजोबा पुटपुटले, "बोअरिंग." खेळाडू हेरायला आलेला स्काउट मात्र वहीत काहीतरी लिहीत होता.

म्हणून कोचना नम्रपणे नाही म्हणा. गोल होत नाहीत हे डिफेन्समनला फॉरवर्ड करायचं कारण नाही. त्यातून तुमचा मुलगा राइट शॉट. लेफ्ट शॉट डिफेन्समन पोत्याने मिळतात, राइट शॉट कमी, आणि कोचना जोडीत एक-एक हवा असतो. हातातली ही गोष्ट उगाच कशाला घालवायची?

त्याच्यात कमी काय असेल, तेही अंदाजाने सांगते, कारण आपल्या घरांतल्या मुलांत हे मी पुन्हा पुन्हा बघते. आवाज. कोपऱ्यात गेलेल्याला मागचं दिसत नाही, त्याच्या जोडीदाराने ओरडायचं असतं: "व्हील!" म्हणजे गोलमागून वळसा घे, "रिव्हर्स!" म्हणजे उलट मागे टाक, "ओव्हर!" म्हणजे पलीकडे माझ्याकडे दे. आपण पोरांना लहानपणापासून सांगतो, मोठ्यांसमोर आवाज चढवायचा नाही. मग अठरा वर्षांच्या जोडीदारावर खेकसायला पंधरा वर्षांचा मराठी मुलगा संकोचतो. त्याला सांगा, रिंकवर आईची परवानगी आहे.

उंचीचं मनावर घेऊ नका. क्विन ह्यूजेस पाच फूट दहा इंचांचा, २०२४ मध्ये लीगचा सर्वोत्तम डिफेन्समन म्हणून नॉरिस ट्रॉफी त्याने नेली. आणि ज्यांना उशीर होतो त्यांचं काय होतं, यासाठी टोरोंटोतलंच उदाहरण घ्या. मार्क जिओर्डानोला एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये कुणीही घेतलं नाही. ओएचएलमध्ये ओवेन साउंडला दोन वर्षं खेळला, २००४ मध्ये एनएचएलच्या कॅल्गरी टीमने करार केला आणि एक पायरी खालच्या एएचएल लीगमध्ये पाठवलं. पुढे तर तो २००७-०८ चा अख्खा मोसम मॉस्कोत जाऊन खेळला. परतला, २०१३ मध्ये कॅल्गरीचा कॅप्टन झाला, आणि नॉरिस ट्रॉफी मिळाली ती २०१९ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी. डंकन कीथ २००२ च्या ड्राफ्टमध्ये ५४ वा. शिकागोने त्याला दोन पूर्ण मोसम एएचएलमध्ये नॉरफोकला ठेवलं. नंतर त्याच शिकागोने त्याच्यासह तीन स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, जिंकले. उलट बाजूही आहे, नाही कशी? एरन एकब्लाड पंधराव्या वर्षी खास परवानगीने ओएचएलमध्ये शिरला, २०१४ ला पहिल्या क्रमांकावर निवडला गेला आणि अठराव्या वर्षी थेट एनएचएलमध्ये. पण तो तेव्हाच शरीराने पुरुष होता. तुमचा मुलगा अजून आंब्याची कैरी आहे. अढीत ठेवायचा माल कार्बाइड लावून पिकवू नये, हे चिपळूणच्या माणसांना मी काय सांगणार.

एनएचएलच्या टीमसुद्धा अढीच लावतात, तिचं नाव एएचएल. वीस-एकवीस वर्षांच्या डिफेन्समनला वर सातवा म्हणून बाकावर बसवण्यापेक्षा खाली रोज वीस-बावीस मिनिटं खेळू देतात. वर कुणी जखमी झालं की आठ-दहा सामन्यांना बोलावतात, परत पाठवतात. पुन्हा बोलावतात. मग तिसऱ्या जोडीत, एखाद्या अनुभवी खेळाडूच्या शेजारी, शक्यतो समोरच्यांची फॉरवर्डची तगडी फळी बर्फावर नसताना थोडी मिनिटं. ती निभावली की पेनल्टी किलवर, म्हणजे शिक्षेमुळे आपला एक खेळाडू कमी असताना बचावाला. 'रेग्युलर' होणं म्हणजे हा जिना. आणि यात एक कारकुनी गंमत आहे: काही वर्षांनंतर खेळाडूला खाली पाठवायचं तर आधी वेव्हर्सवर टाकावं लागतं, म्हणजे इतर टीम त्याला फुकटात उचलू शकतात. कित्येकांना वरची जागा पक्की मिळते ती याच भीतीपोटी.

यावर अॅडव्हायजर म्हणतील, हे सगळं नंतरचं, आत्ता ओएचएल हुकली तर संपलं. हा युक्तिवाद जुना झालाय. पूर्वी ओएचएलमध्ये खेळलेल्या मुलाला अमेरिकेतल्या एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेच्या हॉकीचं दार बंद व्हायचं, त्यामुळे पंधराव्या-सोळाव्या वर्षी आयुष्याचा फाटा निवडावा लागे. ७ नोव्हेंबर २०२४ ला एनसीएएने नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून तो लागू आहे. आता आधी ओएचएल, मग कॉलेज, असं जाता येतं. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या: ओएचएलमध्ये मुरलेली वीस वर्षांची मुलं आता कॉलेजच्या जागांवर येताहेत, त्यामुळे अठराव्या वर्षी थेट कॉलेजच्या टीममध्ये शिरणं कठीण झालंय. एनएचएलचा करार सही केला की मात्र कॉलेज हॉकी बंद, हे तसंच आहे.

ओएचएलच्या मोसमात ६८ सामने, त्यात बसचा प्रवास. सू सेंट मरीला जायचं तर टोरोंटोहून सातशे किलोमीटर. कॉलेजात साधारण त्याच्या निम्मे सामने, बहुतेक शुक्रवार-शनिवार, आणि मधले दिवस जिम आणि सरावाला. उशिरा भरणाऱ्या मुलाला ते दिवस सोन्यासारखे असतात. केल मकार २०१७ च्या ड्राफ्टमध्ये चौथा आला, तरी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात दोन वर्षं राहिला. एप्रिल २०१९ मध्ये कॉलेजची फायनल हरल्यावर दोनच दिवसांनी तो एनएचएलच्या प्लेऑफमध्ये (मोसमाअखेरची बाद फेरी) उतरला आणि पहिल्याच सामन्यात गोल केला.

म्हणून माझं मत: अकादमी नको. चाळीस हजार डॉलरमध्ये बर्फाचे तास मिळतील, पण तुमच्या मुलाला हवाय तो चुकायला मोकळा असलेला वेळ, आणि तो ज्या टीममध्ये पहिल्या-दुसऱ्या जोडीत खेळवतील तिथेच मिळतो. नावाजलेल्या टीमचा सहावा डिफेन्समन होण्यापेक्षा साध्या टीमचा दुसरा बरा. ओएचएलने निवडलं तर जरूर बोला. तुमच्याकडची टीम २०२४ मध्ये ब्रॅम्प्टनला गेली, पण निवड कुठल्याही गावची होऊ शकते. विचारायचे प्रश्न असे: सोळाव्या वर्षी याला दर सामन्यात उतरवणार का, गेल्या तीन वर्षांत तुमच्या सोळा वर्षांच्या डिफेन्समननी किती सामने बसून काढले, आणि शिष्यवृत्तीच्या अटी काय. लीगमध्ये खेळलेल्या मोसमांच्या हिशेबाने विद्यापीठाची फी मिळते, पण ती कधीपर्यंत वापरायची आणि व्यावसायिक करार झाला तर तिचं काय, हे लेखी घ्या. मुलाला बिलेट कुटुंबात (परगावच्या खेळाडूंना घरी ठेवून घेणारी मंडळी) राहावं लागलं तर जेवणाची काळजी करू नका. ती मंडळी या मुलांना पोटभर घालतात, फक्त भेंडीची भाजी मिळणार नाही.

तुमच्या मिस्टरांच्या गणिताला माझा पूर्ण पाठिंबा आहे. एनसीएएला शाळेतले सोळा मुख्य विषय मोजून लागतात आणि नववीपासून वेळेत पूर्ण केलेले लागतात. ऑनलाइन अकादम्यांत हेच बिघडतं. फेब्रुवारीत अकरावीचे विषय निवडाल तेव्हा गणित आणि विज्ञान 'यू', म्हणजे विद्यापीठाच्या तयारीच्या, पातळीचंच घ्या, समुपदेशकाला एनसीएएचा उल्लेख आवर्जून करा.

अॅडव्हायजरांना मी वाईट म्हणत नाही. काही फार चांगले असतात. एजंट हा शब्द कॉलेजच्या नियमांत बसत नाही म्हणून ते अॅडव्हायजर म्हणवतात, आणि मुलगा पुढे कमावू लागला तर त्यांचा वाटा येतो. त्यामुळे लवकर ठरलेलं त्यांना सोयीचं. त्यांना एवढंच विचारा, की तुम्ही पंधराव्या वर्षी घेतलेले डिफेन्समन आज तेविसाव्या वर्षी कुठे आहेत. नावानिशी सांगितलं तर पुढे बोला.

"आपल्यातलं कुणी गेलंय का तिथवर?" असंही तुम्ही शेवटी विचारलंय. मॅनी मल्होत्रा तुमच्या मिसिसागातच जन्मला, वडील भारतीय वंशाचे. एनएचएल खेळून झाल्यावर कोच झाला, आणि २०२५ मध्ये त्याच्या अॅबट्सफर्ड टीमने एएचएलचा काल्डर कप जिंकला. त्या टीममध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या सरी गावचा अर्शदीप बेन्स होता, ज्यालाही ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं नव्हतं. दोघंही फॉरवर्ड. मराठी नाव मला अजून दिसलेलं नाही. तेवढ्यासाठी पोराच्या डोक्यावर ओझं ठेवू नका.

रविवारी सकाळी सातला मॅच आहे असं लिहिलंय. थर्मास आणि एक वही घेऊन जा, कोपऱ्यातल्या प्रत्येक पकला मान किती वेळा वळली ते लिहा, आणि मला कळवा. मिस्टरांनाही न्या. त्यांचं गणित चांगलं आहे, मोजायला होतील.