एमबीएच्या दुसऱ्या वर्षी फायनान्स घ्यावे की एचआर?

तुमच्या प्रश्नातले एक वाक्य मला दोन दिवस टोचते आहे. पहिले वर्ष संपत आले आहे, दुसऱ्या वर्षाचे स्पेशलायझेशन ठरवायचे आहे, तुमचा कल एचआरकडे, म्हणजे मनुष्यबळ व्यवस्थापनाकडे, आहे, पण ‘गणित चांगले असताना एचआर घेणे म्हणजे पदवी वाया घालवणे’ असे घरचे म्हणतात. तेव्हा काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. हेच वाक्य, जवळजवळ ह्याच शब्दांत, माझ्या थोरल्या भावाने मला ऐकवले होते. त्यामुळे माझ्याकडून तटस्थ उत्तराची अपेक्षा ठेवू नका.

एमबीएपूर्वी मी तीन वर्षे एका कंपनीच्या लेखा विभागात होते. दर महिन्याच्या खर्चाच्या पत्रकात सर्वांत मोठी ओळ पगाराची असे, आणि छपाईच्या कागदावर जितकी चर्चा होई तितकीही त्या ओळीवर होत नसे. कागद जास्त का लागला ह्याचा खुलासा मागवला जाई. एका विभागातली निम्मी माणसे वर्षात बदलली, तर त्याला ‘हल्लीची पिढी’ एवढे स्पष्टीकरण पुरे. मी एचआर घेतले ते ह्या ओळीसाठी, आकड्यांना कंटाळून नव्हे. दादा त्या वेळी बारा वर्षे फायनान्समध्ये होता. त्याच्या लेखी एचआर म्हणजे रजेचे अर्ज आणि वाढदिवसाचे फलक. ‘ज्यांना फायनान्स झेपत नाही त्यांची सोय म्हणून तो विषय ठेवतात,’ असे तो म्हणाला, आणि मी त्याच संध्याकाळी एचआरचा अर्ज भरून टाकला. हा निर्णय घेण्याचा योग्य मार्ग नव्हता, हे मान्य करते.

दोन वर्षांच्या मधल्या इंटर्नशिपसाठी मी ज्या कंपनीत गेले, तिथे ग्राहकांच्या तक्रारी फोनवर सोडवणारा ६० जणांचा विभाग होता आणि त्यांपैकी २४ जण वर्षभरात सोडून गेले होते. माणसे का टिकत नाहीत ते शोधा, एवढेच मला सांगण्यात आले. विभागप्रमुखांचे उत्तर तयार होते: पगार कमी पडतो. सोडून गेलेल्यांच्या अखेरच्या मुलाखतींतही तेच लिहिलेले होते, आणि ते असणारच, कारण जाताजाता कोणी कोणाशी वाकडे घेत नाही. ‘दुसरीकडे जास्त मिळते’ हे सर्वांत निरुपद्रवी कारण असते.

जुन्या सवयीने मी मुलाखती बाजूला ठेवून याद्या जुळवत बसले. गेलेल्या २४ जणांपैकी १७ जण तीन वर्षांहून अधिक जुने होते. पगार हेच कारण असते, तर सर्वांत कमी पगाराची नवी मुले आधी जायला हवी होती. ती टिकून होती. मग लक्षात आले की आठ महिन्यांपूर्वी बोनसची नवी योजना आली होती: दिवसाला जितक्या तक्रारी ‘बंद’ कराल, तितका बोनस. योजना यशस्वी झाल्याचे सगळे सांगत होते, कारण जिथे पूर्वी १०० तक्रारी बंद होत, तिथे आता १२० होत होत्या. मी योजनेपूर्वीच्या ४०० आणि नंतरच्या ४०० बंद तक्रारी काढल्या आणि त्याच ग्राहकाची तीच तक्रार दहा दिवसांत परत आली का, हे एकेक करून पाहिले. पूर्वी ४०० पैकी ५२ परत येत असत; आता १३२ येत होत्या. म्हणजे पूर्वी १०० पैकी ८७ खरोखर सुटत होत्या आणि आता १२० पैकी जेमतेम ८०. मुरलेला माणूस फोनवर वीस मिनिटे घालवून तक्रार मुळापासून मिटवत असे. नवा मुलगा ‘आपली नोंद घेतली आहे’ म्हणून चार मिनिटांत बंद करी, ग्राहक पुन्हा फोन करी, आणि ती आणखी एक बंद तक्रार म्हणून मोजली जाई. काम जितके अर्धवट, तितका बोनस अधिक. जुनी माणसे पगारावर नव्हे, ह्या हिशेबावर वैतागून गेली होती.

हे सगळे मी मोठ्या उत्साहाने सादर केले. फायनान्सच्या प्रमुखांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: ‘माणसे गेल्यामुळे आपले किती पैसे गेले?’ आणि मी, तीन वर्षे खर्चाची पत्रके लिहिलेल्या बाईने, उत्तर दिले की माणसांच्या उमेदीची किंमत पैशांत कशी सांगता येईल! ते वाक्य आठवले की आजही कानशिले तापतात. त्यांनी फाइल मिटली आणि तिमाही संपल्यावर पाहू म्हणाले. एचआर घेतले म्हणजे आता एचआरवाल्यांसारखे बोलायचे, अशी माझी समजूत झाली होती. दादाने माझ्या विषयाचे जे व्यंगचित्र काढले होते, तेच मी त्या खोलीत उभे राहून वठवले होते.

रात्री दादाला फोन केला. त्याने टोमणा मारला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवते. त्याने विचारले, ‘एक माणूस गेला की पैसा कुठून कुठून गळतो?’ मी मोजू लागले. नवा माणूस शोधून नेमण्याचा खर्च साधारण एका महिन्याच्या पगाराइतका. प्रशिक्षणाचे सहा आठवडे पूर्ण पगार आणि काम शून्य, म्हणजे दीड महिना. त्यानंतरचे तीन महिने निम्म्या वेगाने काम, म्हणजे आणखी दीड महिना. एकूण चार महिन्यांचा पगार दर माणसामागे. २४ माणसांचे ९६ महिने, म्हणजे आठ माणसांचा वर्षभराचा पगार, तोही ६० जणांच्या विभागात. परत येणाऱ्या तक्रारींवर जाणारा वेळ ह्यात धरलेलाच नव्हता. दोन आठवड्यांनी मी एकच कागद घेऊन गेले आणि दहा मिनिटांत निर्णय झाला: दहा दिवसांत परत न आलेली तक्रारच बोनससाठी धरायची. जुन्या माणसांसाठी वरची श्रेणी निर्माण करण्याची माझी दुसरी सूचना मात्र नाकारली गेली.

तेव्हापासून आमचा वाद सुरू आहे. दादाचे म्हणणे असे की अखेर जिंकले ते फायनान्सच. माझी सगळी तपासणी त्या एका कागदाशिवाय रद्दी होती. मला हे मान्य नाही, आणि आता लेखी मांडते. त्या कागदावर फायनान्सच्या स्पेशलायझेशनमधले काय होते? ना रोख्यांचे मूल्यांकन, ना पोर्टफोलिओचा सिद्धांत, ना ऑप्शनची (ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्काची) किंमत काढण्याचे १९७३ सालचे प्रसिद्ध सूत्र. होता तो साधा गुणाकार, आणि कशाला खर्च म्हणावे ह्याची समज, जी पहिल्या वर्षी अकाउंटिंगच्या कोअर विषयात सर्वांनाच शिकवतात. उलट, दादाच्या पत्रकात ते २४ जण म्हणजे २४ सारखे आकडे असते. त्यांतले १७ जुने होते, हे पाहावे असे त्याला सुचले नसते. कारण बक्षीस कशाला द्यावे आणि त्यातून माणूस काय करू लागेल, हा प्रश्न त्याच्या विषयात त्या रीतीने विचारलाच जात नाही.

आणि हा प्रश्न ‘मऊ’ नाही. वेल्स फार्गो ह्या अमेरिकी बँकेने कर्मचाऱ्यांना खाती उघडण्याची लक्ष्ये दिली. लक्ष्य गाठण्यासाठी लोकांनी ग्राहकांच्या नकळत खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना काढून टाकल्याचे बाहेर आले. बँकेत फायनान्स जाणणाऱ्यांची वाण नसते. चुकली ती लक्ष्ये आणि बक्षिसे ठरवण्याची रचना, आणि ती एचआरच्या अभ्यासक्रमात वेतनव्यवस्था नावाच्या विषयात शिकवतात. दादाला हे उदाहरण दिले तेव्हा तो म्हणाला, तिथल्या एचआरने काय केले? ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगते. पण एचआरने आपले काम केले नाही म्हणून तो विषय पोकळ ठरत नाही.

आता तुमच्याकडे. प्लेसमेंटचे सरासरी पगार पाहून स्पेशलायझेशन निवडणे हा शुद्ध आळस आहे. दहा जणांच्या तुकडीत नऊ जणांना १० आणि एकाला ६० मिळाले, तर सरासरी १५ येते, आणि १५ प्रत्यक्षात कोणालाच मिळालेले नसतात. मध्यक (पगार क्रमाने लावले तर मधोमध येणारा आकडा) विचारा, किती जणांनी पगार कळवला ते विचारा, आणि त्यांच्यापाशी आधीचा अनुभव किती होता तेही विचारा. घरच्यांना ‘गणित’ हवे असेल, तर त्यांना सांगा की एचआरमध्ये निवडचाचण्यांची वैधता, म्हणजे चाचणीतल्या गुणांवरून पुढच्या कामाचा अंदाज खरोखर येतो का, हे तपासायला सांख्यिकी लागते, आणि वेतनश्रेणी बांधायला तर पदोपदी लागते. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या गुणपद्धतीने घेतलेली मुलाखत ही मनमोकळ्या गप्पांपेक्षा माणसाच्या पुढील कामाचा चांगला अंदाज देते, हे कोणाच्या मनात आले म्हणून नव्हे, तर मोजून ठरलेले आहे.

मार्केटिंग आणि ऑपरेशन्स ह्यांविषयी तुम्ही विचारलेले नाही, म्हणून मी बोलत नाही. ॲनालिटिक्स एकटे घेऊ नका, एवढेच सांगते. कशाचे विश्लेषण करायचे हे दुसऱ्या कोणत्या तरी विषयातूनच कळावे लागते. ड्युअल स्पेशलायझेशनची, म्हणजे दोन विषय घेण्याची, सोय असेल, तर एचआर मेजर (मुख्य) आणि फायनान्स मायनर (दुय्यम) ही जोडी मी डोळे मिटून घेईन. (दादा हे वाचत असेल, तर त्याने ह्याला कबुली समजू नये.) स्पेशलायझेशनला लोक जितके वजन देतात तितके ते सगळीकडे नसतेही: १९०८ मध्ये एमबीएची पदवी सुरू करणाऱ्या हार्वर्डमध्ये आजही औपचारिक स्पेशलायझेशन नाही, इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक विषय निवडायचे असतात, व्हार्टन ह्या दुसऱ्या अमेरिकी संस्थेत मात्र मेजर असतात, दोनही घेता येतात.

काही गोष्टी मी आधी सांगायला हव्या होत्या. तुम्हाला गुंतवणूक बँकेत किंवा निधी व्यवस्थापनात जायचे असेल, तर वरचे सगळे विसरा आणि फायनान्स घ्या. तिथली भरती बहुतांशी इंटर्नशिपमधून होते आणि तिच्या मुलाखती पहिल्याच वर्षी उरकतात. तुम्ही इलेक्टिव्हचा अर्ज भरता तेव्हा ते दार जवळजवळ बंद झालेले असते. दुसरे, एचआरमधला सुरुवातीचा पगार बहुतेक ठिकाणी फायनान्सपेक्षा कमी असतो; दादाचे हे एक म्हणणे मी कधी खोडू शकले नाही, आणि तुमच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज असेल तर ते हसण्यावारी नेऊ नका. तिसरे, कामगार कायदे देशागणिक बदलतात; रोख्याचे गणित कुठेही तेच राहते. देश बदलण्याचा विचार असेल, तर एचआरमधला कायद्याचा भाग पुन्हा नव्याने शिकावा लागेल. आणि चौथे, माझ्या गाठीला लेखा विभागातली तीन वर्षे होती, म्हणून मी आकड्यांविषयी इतकी बेफिकीर बोलते आहे. तुम्ही शिक्षण संपवून थेट एमबीएला आला असाल, तर कॉस्टिंगचे (खर्च मोजण्याच्या शास्त्राचे) निदान एक इलेक्टिव्ह घ्याच, मग स्पेशलायझेशन कोणतेही असो.

घरच्यांचे मन कसे वळवावे, हेही तुम्ही विचारले होते. ते मला जमलेले नाही. गेल्या आठवड्यात दादाने पुन्हा तो कागद काढला आणि गुणाकार आपला असल्याचे सांगितले. मी त्याला वरच्या ओळीतला १७ हा आकडा दाखवला. तुमच्या संस्थेत निवडलेले विषय बदलण्याची मुदत किती आठवडे आहे, ते मात्र अर्ज भरण्यापूर्वी पाहून घ्या. आमच्याकडे दोन होते, आणि मला ते तिसऱ्या आठवड्यात कळले.